लोणच्याची बरणी आणि संडासाचे भांडे

१८५१ साली लंडनमध्ये मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. तेथे जॉर्ज जेनिंग्ज याने पाण्याने धुऊन निघणारे सार्वजनिक संडास बसवले आणि आठ लाखांहून अधिक लोकांनी प्रत्येकी एक पेनी मोजून त्यांचा वापर केला. त्यानंतर एका वर्षाने, १८५२ मध्ये, मुंबईच्या खाडीपलीकडे पनवेल या बंदराच्या गावी नगरपालिका स्थापन झाली. १८५०च्या २६व्या कायद्यान्वये आपल्याकडे ज्या अगदी पहिल्या नगरपालिका निघाल्या, त्यांपैकी ही एक.

या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु दोन्हींमागचा प्रश्न एकच होता. दाटीने राहणाऱ्या माणसांनी आपल्या मैल्याचे काय करायचे? लंडनने चिनी मातीचे भांडे, पाणी आणि नळ यांच्या साहाय्याने तो सोडवला. पनवेलसारख्या आपल्या गावांनी मात्र पुढची कित्येक दशके टोपली आणि ती वाहून नेणारा माणूस यांवर भागवले. असे का झाले, याच्या उत्तराचा काही भाग समाजशास्त्रात आहे, तर काही भाग पदार्थविज्ञानात आणि रसायनशास्त्रात आहे. हा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. या लेखात दोन्हींचा मेळ घालून पाहू.

टोपलीचा संडास

जुन्या वाड्यांत संडास घराच्या मागच्या अंगाला असे. वर बसण्याची जागा, खाली टोपली किंवा डबा आणि मागे एक छोटे दार. त्या दारातून सफाई कामगार येई आणि टोपली रिकामी करून मैला डोक्यावरून वाहून नेई. मुंबईत या कामासाठी 'हलालखोर' कर आकारला जात असे. जुन्या चाळींच्या मधल्या अरुंद 'हाऊस गल्ल्या' अजूनही पाहायला मिळतात. घरातून न जाता सफाई कामगाराला संडासाच्या मागे पोचता यावे, हा त्या गल्ल्यांचा एक हेतू होता. म्हणजे अस्पृश्यता इमारतीच्या नकाशातच काढून ठेवलेली होती.

मुंबईला १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले. पनवेलसारख्या गावाची भिस्त विहिरी आणि तलावांवर होती. वडाळे, विश्राळे, कृष्णाळे ही तेथील तलावांची नावे आजही ओळखीची आहेत. तलावाचे पाणी घागरीने आणावे लागते. ते दाबाने नळातून येत नाही. ओढायच्या साखळीच्या जुन्या टाकीतून एका वेळी दहा-बारा लिटर पाणी जाई. पाच माणसांच्या घरात दिवसातून एकेकदा जरी टाकी सोडली, तरी ५० ते ६० लिटर पाणी लागणार, म्हणजे चार-पाच घागरी. त्या घागरी आणणार घरातली बाई किंवा पाणक्या. अशा ठिकाणी विलायती संडास परवडणे शक्यच नव्हते. या आकड्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

वाकलेल्या नळीतले पाणी

फ्लशच्या संडासाचा शोध कोणी लावला, असे विचारले की इंग्लंडच्या राणीच्या दरबारातील जॉन हॅरिंग्टनचे नाव येते. त्याने १५९६ साली अशा संडासाचे वर्णन प्रसिद्ध केले. पण धुण्यासाठी पाणी सोडणे ही गोष्ट तशी सोपी आहे. खरी अडचण दुर्गंधीची आणि माश्यांची होती. मैला ज्या वाटेने खाली जातो, त्याच वाटेने हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू वर येतात.

१७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने आपल्या संडासाचे पेटंट घेतले. त्यातली नळी इंग्रजी एस अक्षरासारखी वाकवलेली होती. प्रत्येक वेळी धुऊन झाल्यावर थोडे पाणी त्या वाकणात उरते. तेवढे पाणी बुचासारखे काम करते. घन आणि द्रव पदार्थ त्याला ढकलून पुढे जातात, पण वायूला आणि माशीला परतीची वाट राहत नाही. याला आपण जलबंध म्हणू. दुकानदार त्याच वाकणाला 'ट्रॅप' म्हणतो आणि 'पी ट्रॅप हवा की एस ट्रॅप?' असे विचारतो.

जलबंधाचे महत्त्व शाळेत सहज दाखवता येते. मे महिन्याच्या सुटीनंतर शाळा उघडते, तेव्हा न वापरलेल्या संडासांना नेहमीपेक्षा जास्त दुर्गंधी येते. सुटीत कोणी वापर केलेला नसतो, मग दुर्गंधी वाढायचे कारण काय? वाकणातले पाणी उन्हाळ्यात बाष्पीभवनाने उडून गेलेले असते आणि टाकीतल्या वायूला मोकळी वाट मिळालेली असते. तांब्याभर पाणी ओतले की ती वाट बंद होते. कारण सांगण्यापूर्वी हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा.

बरणी का झिरपत नाही?

जलबंध टिकायचा तर पाणी धरून ठेवणारे भांडे हवे. ते आम्लाने, क्षाराने, मूत्राने खराब होता कामा नये, आणि त्याला घाण चिकटता कामा नये. लोखंड गंजते. लाकूड भिजते आणि कुजते. तांबे-पितळ महाग. उरली माती. पण कोणती माती?

माठाचा एक आणि लोणच्याच्या बरणीचा एक असे दोन तुकडे घ्यावेत. ते उन्हात चांगले वाळवून वजन करावे, रात्रभर पाण्यात ठेवावेत, बाहेर काढून पुसावेत आणि पुन्हा वजन करावे. समजा, माठाचा १०० ग्रॅमचा तुकडा ११४ ग्रॅम भरला, तर त्याने १४ टक्के पाणी शोषले. बरणीच्या तुकड्यात फार थोडी वाढ दिसेल. संडासाच्या भांड्याच्या तुकड्याने तर शाळेच्या तराजूला वाढ कळणारही नाही. चांगल्या भांड्याची जलशोषकता अर्ध्या टक्क्याच्या आत असावी लागते. यासाठी भारतीय मानक आयएस २५५६ आहे.

माठ झिरपतो म्हणून पाणी गार राहते. तोच गुण संडासाच्या भांड्यात दोष ठरतो, कारण छिद्रांत शिरलेली घाण कितीही धुतली तरी निघत नाही. मग माठाची माती जास्त तापवून छिद्रे बुजवता येणार नाहीत का? येथे भूगर्भाचा संबंध येतो. पनवेलच्या आसपासचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. तो झिजून तयार होणाऱ्या मातीत लोहाची संयुगे भरपूर असतात. भाजल्यावर येणारा तांबडा रंग त्यांचाच. लोह आणि चुन्यासारखी द्रव्ये माती लवकर वितळवतात. म्हणून अशी माती फार तापवली तर छिद्रे बुजेपर्यंत भांड्याचा आकारच बसतो. कुंभार ती कमी तापमानाला भाजतो आणि माठ सच्छिद्र राहतो.

संडासाच्या भांड्यासाठी लोह नसलेली पांढरी माती लागते. ढोबळमानाने निम्मी माती आणि उरलेल्या निम्म्यात फेल्स्पार व गारगोटीची पूड असे हे मिश्रण असते. प्रत्येकाचे काम वेगळे. माती आकार देते. गारगोटी सांगाड्यासारखी उभी राहते. फेल्स्पार भट्टीत वितळतो. सुमारे १२०० अंश सेल्सियसला वितळलेला फेल्स्पार कणांच्या मधल्या फटींत शिरतो आणि थंड होताना त्याची काच बनते. मातीपासून तयार झालेले म्युलाइटचे सुईसारखे स्फटिक त्या काचेत गुंतून राहतात आणि तिला बळकटी देतात. बाहेरची चकचकीत झिलई हा वेगळा थर आहे. पण येथे झिलईच्या आतले अंगही काचेसारखे झालेले असते, हे महत्त्वाचे. इंग्लंडमध्ये टॉमस ट्वायफर्डने १८८३च्या सुमारास एकसंध मातीचे उभे भांडे बाजारात आणले. त्या काळच्या पुष्कळ भांड्यांचे अंग सच्छिद्र असे आणि वरच्या झिलईवर सारा भरवसा असे. झिलईला बारीक तडा गेला की भांडे घाण शोषू लागे. अंगच काचाभ करण्याचे तंत्र स्थिरावले, तेव्हा ही अडचण संपली.

चाकावर न होणारे भांडे

बरणी आणि संडासाचे भांडे यांच्या घडणीत नाते जवळचे असले, तरी एक मोठा फरक आहे. बरणी गोल असते, त्यामुळे ती चाकावर करता येते. वाकडी नळी चाकावर होत नाही. शिवाय नळीच्या वाकणात आतून हात जात नाही. मग तेथे पोकळी कशी करतात?

हे काम प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा करतो. मिश्रण पाण्यात कालवून त्याची दाट रबडी करतात; कारखान्यात तिला 'स्लिप' म्हणतात. तिच्यात सोडियम सिलिकेट अगदी थोडे, हजार भागांत दोन-तीन भाग, घालतात. त्यामुळे मातीचे कण एकमेकांना चिकटण्याऐवजी दूर सारले जातात आणि पाणी फारसे न वाढवता रबडी पातळ वाहू लागते. ही रबडी साच्यात ओतली की प्लास्टरची सूक्ष्म छिद्रे केशाकर्षणाने तिच्यातले पाणी ओढून घेतात आणि साच्याच्या भिंतीला मातीचा थर धरतो. तासा-दोन तासांनी थर पुरेसा जाड झाला की मधली पातळ रबडी ओतून देतात. उरते ती पोकळ नळी, हवी तशी वाकलेली. हात न घालता पोकळी तयार होते.

थर किती वेळात किती जाड होतो, हेही गणिताला धरून आहे. जाडी वेळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, कारण जमलेला थरच पुढच्या पाण्याला अडवू लागतो. एका तासात ९ मिलिमीटर थर जमत असेल, तर १८ मिलिमीटरसाठी दोन नव्हे, चार तास लागतील.

पुढचे संकट आकुंचनाचे. वाळताना आणि भाजताना मिळून भांडे सुमारे १२ टक्क्यांनी आक्रसते. ५०० मिलिमीटरचे भांडे हवे असेल तर साचा ५६८ मिलिमीटरचा करावा लागतो. घनफळ तर ०.८८चा घन, म्हणजे सुमारे ६८ टक्केच उरते. सगळीकडे सारखे आकुंचन झाले नाही तर भांडे वाकते किंवा तडकते. भट्टीतून बाहेर येतानाही घाई चालत नाही. ५७३ अंशांना गारगोटीच्या स्फटिकाची रचना बदलते आणि तिचे आकारमान एकदम घटते. त्या टप्प्यावर भांडे भराभर थंड झाले तर काचेसारखे तडकते. म्हणून लांबलचक बोगद्यासारख्या भट्टीतून भांडी गाड्यांवरून संथपणे पुढे सरकवतात. या साऱ्या दक्षतेमुळे हा उद्योग हातकामाचा असूनही रसायनशास्त्राशिवाय चालत नाही.

गणपुले आणि थान

स्वदेशीच्या चळवळीने महाराष्ट्रात काच आणि मातीच्या उद्योगांची उमेद निर्माण केली होती. पनवेलहून घाट चढून गेले की तळेगाव लागते. तेथे पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली सुरू झाला. त्याच काळातले एक मराठी नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. ते म्हणजे परशुराम गणपुले.

गणपुले योग्य मातीच्या शोधात सौराष्ट्रात गेले. थान हे रेल्वेमार्गावरचे गाव आणि त्याच्या परिसरात भाजकामाला उपयोगी माती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे त्यांनी भट्टी पेटवली. पुढे 'परशुराम पॉटरी वर्क्स' हे नाव थान आणि मोरबी या दोन्ही ठिकाणी नावारूपाला आले. त्यांच्यामागून थानच्या परिसरात लहान-मोठे अनेक कारखाने उभे राहिले. आज थान हे देशातील संडासाची भांडी आणि बेसिने बनवण्याचे एक प्रमुख केंद्र आहे, तर मोरबी फरश्यांसाठी जगाला माहीत आहे. पनवेलच्या दुकानातला ग्राहक 'मोरबीचा माल' म्हणून जो विचारतो, त्याच्या मुळाशी एका मराठी माणसाने शोधलेली माती आहे.

मग हा उद्योग कोकणातच का वाढला नाही? कच्चा माल येथेही होता. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात सिलिका वाळू आहे, कुडाळ-सावंतवाडी भागात चिनी माती आहे. पण मातीच्या उद्योगाला मातीपेक्षा कितीतरी जास्त इंधन आणि वाहतूक लागते. कोकणात रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडले. एवढी जड आणि फुटणारी वस्तू घाटातून नेणे परवडणारे नव्हते. खनिज असणे आणि उद्योग असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे भूगोलाच्या तासाला सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही.

स्वातंत्र्यानंतर मोठे कारखाने आले. तामिळनाडूत राणीपेट येथे पॅरी कंपनीने ही भांडी बनवली. इंग्लंडच्या ट्वायफर्ड कंपनीच्या सहकार्याने 'हिंदुस्थान ट्वायफर्ड्स'चा कारखाना १९६२ साली हरियाणात बहादूरगढ येथे सुरू झाला. काचाभ भांडे देशात तयार होऊ लागले. तरीही ते शहरी घरांसाठीच होते. खेड्यातला प्रश्न घागरीवर अडला होता.

दोन लिटरचे गणित

हा प्रश्न ज्यांनी स्वतःच्या हातांनी हाताळला, त्यांत अप्पासाहेब पटवर्धन यांचे स्थान फार वरचे आहे. १८९४ ते १९७१ हा त्यांचा जीवनकाळ. 'कोकणचे गांधी' म्हणून ते ओळखले जात. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली, म्हणून त्यांनी अन्नत्याग केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपोषण केले. १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापला आणि संडासाची रचना हाच प्रयोगाचा विषय केला. मैला माती आणि पाल्यापाचोळ्याने झाकून जागच्या जागी कुजवायचा, त्याचे सोनखत करायचे आणि ते होईपर्यंत कोणालाही त्याला हात लावावा लागू नये, ही 'गोपुरी' संडासामागची कल्पना. यात चिनी मातीचे भांडे अपरिहार्य नव्हते. डोक्यावरची टोपली उतरवणे हे ध्येय होते.

याच सुमारास, १९४९ साली, मुंबई सरकारने वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद करण्याची शिफारस त्यात होती. पण पद्धत बंद करायची तर तिच्या जागी काय, हे सांगावे लागते.

ते उत्तर लखनौच्या नियोजन, संशोधन आणि कृती संस्थेने काढलेल्या रचनेत सापडले. भांड्याचा उतार तीव्र केला आणि जलबंधाची खोली कमी केली. नेहमीच्या संडासात पाण्याचे बूच ५० मिलिमीटरचे असते, येथे ते २० मिलिमीटरचेच ठेवले. बूच जितके खोल, तितके ते ढकलायला पाणी जास्त. २० मिलिमीटरचा जलबंध वास आणि माशी अडवायला पुरतो आणि दीड-दोन लिटर पाण्यात धुऊन निघतो. पुढे याच्या जोडीला दोन शोषखड्डे आले. एक भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा. पहिला दीड-दोन वर्षे तसाच ठेवला की त्यातल्या मैल्याचे निर्धोक खत होते.

आता पाच माणसांच्या घराचे गणित पुन्हा मांडू. ६० लिटरच्या जागी १० लिटर, म्हणजे एक घागरसुद्धा नाही. कित्येक दशके जे पनवेलच्या तलावावर अडले होते, ते ३० मिलिमीटरने सुटले.

यात पृष्ठभागाचा वाटा मोठा आहे. सुरुवातीची भांडी गावातच सिमेंटची किंवा मोझॅकची करत. ती स्वस्त होती, पण वापराने खरबरीत होत आणि मग धुवायला पाणी जास्त लागे. काचाभ भांडे गुळगुळीत राहते, म्हणून दोन लिटरचे गणित वर्षानुवर्षे टिकते. थानसारख्या ठिकाणी लहान कारखान्यांनी हे भांडे स्वस्त केले, तेव्हाच ते खेड्यातल्या घराच्या आवाक्यात आले.

जे भांड्याने होत नाही

उत्तर हाती असूनही ते सगळीकडे पोचायला फार वेळ लागला. मानवी मैला वाहून नेण्याची प्रथा आणि कोरडे संडास यांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९९३ साली झाला. त्यासाठी ठराव करणाऱ्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. २०११च्या जनगणनेत मात्र देशातील केवळ ४६.९ टक्के घरांच्या आवारात संडास आढळला, आणि सुमारे ७.९४ लाख घरांतला मैला माणसे हातांनी काढत असल्याची नोंद झाली. २०१३ साली अधिक कडक कायदा करावा लागला. तरीही गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत उतरून गुदमरणाऱ्या कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. जलबंध ज्या वायूला घरात येऊ देत नाही, तोच वायू टाकीत साठलेला असतो आणि तो त्यांचा जीव घेतो. आपल्या बाजूने वाट बंद झाली, एवढ्याने प्रश्न मिटत नाही.

भट्टीच्या बाजूलाही असाच एक हिशेब आहे. गारगोटीची बारीक पूड वर्षानुवर्षे श्वासातून आत गेली की फुप्फुसे निबर होतात. सिलिकोसिस हा या उद्योगातला जुना रोग आहे आणि झालेले नुकसान भरून काढणारा उपचार त्याला नाही. पूड ओली ठेवणे, धूळ ओढून घेणारी यंत्रे लावणे आणि कामगारांची नियमित तपासणी हेच उपाय. ते माहीत आहेत, खर्चाचे आहेत आणि म्हणूनच छोट्या कारखान्यांत टाळले जातात. एकाच्या डोक्यावरची टोपली उतरवणारे भांडे दुसऱ्याच्या छातीवर ओझे ठेवून तयार होत असेल, तर तो प्रश्नही विज्ञानाच्याच तासाला विचारला पाहिजे.

शाळेत हा विषय हसण्यावारी जातो आणि शिक्षकही संकोचतात. पण केशाकर्षण, बाष्पीभवन, सच्छिद्रता, वर्गमूळ आणि घन, बेसाल्ट आणि फेल्स्पार, एवढेच नव्हे तर नागरिकशास्त्रातला समतेचा हक्क, हे सारे एका पांढऱ्या भांड्यात सापडते. माठाच्या आणि बरणीच्या तुकड्यांपासून सुरुवात करावी. दुसऱ्या दिवशी मुलांना आपापल्या गावातल्या वयस्कर माणसांना एक प्रश्न विचारून यायला सांगावे: आपल्याकडे टोपलीचे संडास केव्हा बंद झाले, आणि ती टोपली उचलणारे कुटुंब पुढे काय करू लागले? प्रश्नाचा पहिला भाग बहुतेकांना सांगता येईल. दुसऱ्या भागाचे उत्तर शोधण्यासाठी मुलांना बरेच हिंडावे लागेल.